झोप न लागणाऱ्यांची खोली

मी कॉलेजात समुपदेशक आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारायचा, "म्हणजे डोक्यावर परिणाम झालेल्या मुलांचं बघता का?" आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा समज निराळाच होता. मी विवाह मंडळात समुपदेशन करते असं धरून त्यांनी मला भाच्याची पत्रिका आणून दिली होती. मी ती परत केली, तेव्हा भाच्यातच काहीतरी खोट निघाली असणार असं वाटून त्या आठवडाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

निवृत्त होऊन आता दीड वर्ष झालंय. आधी मानसशास्त्र शिकवलं आणि मग अठरा वर्षं नाशिकमधल्या एका कॉलेजचा समुपदेशन कक्ष सांभाळला. कक्ष म्हणजे जिन्याखालची, पूर्वी खेळाचं सामान ठेवायची खोली. दोनदा रंग दिला तरी तिथला चेंडूंच्या चामड्याचा वास गेला नाही. दारावर पाटी होती, पण पाटी वाचून आत येणारं कुणी नव्हतं. मुलं दारातून डोकं घालून विचारायची, "मॅडम, बसच्या पासचा फॉर्म इथे मिळतो का?" सुरुवातीला मी त्यांना ऑफिसकडे पाठवायचे. नंतर माझ्या लक्षात आलं, की हे डोकं फॉर्मसाठी आत आलेलं नाही. मग मी ऑफिसातून सगळ्या प्रकारच्या फॉर्मचा एक गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. मूल फॉर्म शोधायला बसायचं, दहा मिनिटं कागद चाळायचं आणि अकराव्या मिनिटाला म्हणायचं, "मॅडम, एक विचारू?"

माझं काम तिथून सुरू व्हायचं. लोकांना वाटतं समुपदेशक सल्ला देतो. सल्ला द्यायला घरी आईवडील, काका, आत्या आणि शेजारी असतात, त्यात माझी भर कशाला? माझं काम होतं समोरच्याला नेमकं काय वाटतंय ते त्याचं त्याला कळेपर्यंत सोबत बसणं. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण आमच्या मुलांकडे मनाचं सांगायला तीनच शब्द होते: टेन्शन, बोअर आणि मूड ऑफ. टेन्शन या एका शब्दामागे भीती असायची, लाज असायची, बापावरचा राग असायचा. एका मुलाच्या टेन्शनमागे तर चक्क भूक निघाली. मेसचं जेवण आवडेना म्हणून तो चार दिवस बिस्किटांवर होता. मी त्याला माझा डबा दिला. दोन पोळ्या आणि गवारीची भाजी संपेपर्यंत त्याचं टेन्शन बरंच उतरलं होतं.

गेल्या काही वर्षांत या तीन शब्दांच्या जोडीला आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे न झालेली झोप. सकाळच्या तासाला मुलं डोळे उघडे ठेवून झोपायला शिकली होती. विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "मोबाइल बघत होतो." मीही त्यावर विश्वास ठेवला. झोपेचे दहा नियम एका कागदावर छापून घेतले, तासभर आधी मोबाइल बाजूला ठेवा वगैरे, आणि येईल त्याला एकेक देऊ लागले. नांदगावहून आलेल्या एका मुलालाही दिला. त्याने तो नीट चार घड्या करून खिशात ठेवला, थँक्यू म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही. दोन महिन्यांनी कळलं, त्याने कॉलेज सोडलंय.

पुढे एका लग्नासाठी मी नांदगावला गेले होते. बाजारात ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं एक दुकान होतं, तिथून हाक आली. तोच मुलगा. अंगाने भरलेला, हसरा.

"मॅडम, ओळखलं का? तुम्ही मला कागद दिला होता."

"उपयोग झाला का रे?"

"नाही झाला. पण जपून ठेवलाय," तो म्हणाला. मग चहा मागवून त्याने सांगितलं, "मला तो कोर्सच नको होता, मॅडम. झोपलं की लगेच सकाळ व्हायची आणि कॉलेजला यावं लागायचं. जागं राहिलं की सकाळ जरा लांब वाटायची. मोबाइलचं काय, जागायला हातात काहीतरी पाहिजे म्हणून."

"मग हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही सांगितलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. नाशिकला परतल्यावर मी उरलेले कागद रद्दीत टाकले. त्यानंतर झोपेबद्दल कुणी आलं, की ते मूल रात्री काय बघतं हे मी विचारत नसे. ते कशासाठी जागतं, हे विचारत असे.

ज्या मुलीबद्दल मला मुख्यतः सांगायचंय, ती मात्र माझ्याकडे स्वतःहून आलीच नाही. ती मला एका बस कंडक्टरने आणून दिली. तिला मी वैशाली म्हणते. खरं नाव वेगळं आहे, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे.

परीक्षेचे दिवस होते. सकाळी साडेदहा-अकराला ऑफिसातला क्लार्क धावत आला. "मॅडम, फोन आलाय. काय करायचं कळत नाही, म्हणून तुमच्याकडे आलो." आमच्या कॉलेजात ज्या गोष्टीचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही, ती माझ्याकडे यायची.

फोनवर सिटी बसचा कंडक्टर होता. "मॅडम, तुमच्या कॉलेजची एक ताई माझ्या गाडीत झोपली हाय. द्वारका सर्कलला बसली. दोन फेऱ्या झाल्या. हलवलं की 'हो काका' म्हणते अन् परत झोपते. आजारी असंल, म्हणून गळ्यातल्या कार्डावरचा नंबर लावला."

मी त्यांना कॉलेजच्या थांब्यावर गाडी आली की तिला उतरवायला सांगितलं आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. वीस मिनिटांनी बस आली. कंडक्टरने तिची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली होती आणि तिला दंडाला धरून उतरवत होते. "घरी लय जागरण असंल," ते मला म्हणाले. "आमची पोरगी बी अशीच हाय."

वैशाली दुसऱ्या वर्षाला होती, बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. गाव सटाण्याकडचं, इथे द्वारका सर्कलजवळ मावशीकडे राहायची. त्या दिवशी दहा वाजता तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. घड्याळ बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

मी तिला घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. ते सज्जन, पण नियमाचे पक्के. त्यांनी चष्मा वर केला. "उशिराचं कारण लिहावं लागतं, मॅडम. आजारपण आहे, अपघात आहे, घरातला मृत्यू आहे. झोप कोणत्या रकान्यात लिहू?"

"आजारपणात लिहा," मी म्हणाले. "मी सही करते."

त्यांनी तिला दुपारच्या तुकडीत बसू दिलं. तोवर ती माझ्या खोलीत बसली आणि मी तिच्यासाठी चहा मागवला. पुढच्या अर्ध्या तासात तिच्या सॅकमधून मोबाइल अकरा-बारा वेळा गुरगुरला. दर वेळी तिचा हात तिकडे जायचा.

"घरून आहे का?"

"नाही मॅडम. वर्गातली एक आहे. तिचं ब्रेकअप झालंय." पुन्हा आवाज आला. "हा दुसरा. त्याला घरचे बोलले." पुन्हा. "ही हॉस्टेलवरची. ती जेवलीच नाहीये कालपासून."

थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. वर्षभरापूर्वी प्रयोगशाळेत रडणाऱ्या एका मैत्रिणीचं तिने ऐकून घेतलं होतं. त्या मैत्रिणीने दुसरीला सांगितलं, "वैशालीशी बोल, ती ऐकते." दुसरीने तिसऱ्याला. आता अर्धं कॉलेज तिला मेसेज करत होतं आणि ती प्रत्येकाला उत्तर देत होती. दिवसा तास असायचे, मावशीच्या घरातली कामं असायची. त्यामुळे उत्तरं द्यायला रात्र उरायची.

मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. मला मत्सर वाटला. मी प्रशिक्षण घेतलेली बाई, पाटी लावून फॉर्मचा गठ्ठा मांडून अकरा ते पाच वाट बघत बसते, आणि या पोरीकडे रांग. मी तिला एखादं उत्तर नाव न सांगता वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचलं, "मी आहे इथं. घाई नाही. आधी पाणी पी आणि मग सांग." इतकं बरं मलाही सुचत नाही.

"आणि तू कुणाशी बोलतेस?"

"मला काही प्रॉब्लेम नाहीये, मॅडम."

"बसमध्ये दोन फेऱ्या झोपलीस. तुला काय होतंय?"

"काही नाही. टेन्शन."

पुन्हा तोच शब्द. मग विचारलं, "घरी आईशी कोणत्या भाषेत बोलतेस?"

"अहिराणीत."

"मग आता समोर आई आहे असं समज. तिला कसं सांगशील?"

ती सॅकची चेन उघडत-लावत बसली. मग अगदी हळू म्हणाली, "माले भेव वाटस."

भीती वाटते. वर्षभरात ती हे पहिल्यांदा म्हणत होती, आणि म्हणताच तिचं तिलाही नवल वाटलं असावं, कारण ती माझ्याकडे बघतच राहिली.

"कशाचं भेव?"

तिने मग खरं ते सांगितलं. त्या सगळ्या मेसेज करणाऱ्यांत एक मुलगा होता. आमच्याच कॉलेजचा, शेवटच्या वर्षाचा, मालेगावचा. दोन महिन्यांपासून तो तिला लिहायचा, की जगण्यात अर्थ वाटत नाही, एखाद्या दिवशी सगळं संपवेन. आणि दर वेळी शेवटी लिहायचा, कुणाला सांगू नकोस. तिने तसा शब्द दिला होता. बाकीच्यांना ती एखादवेळी सकाळी उत्तर द्यायची, पण याचा रात्रीचा शेवटचा मेसेज आल्याशिवाय तिला डोळा मिटायची हिंमत होत नव्हती.

"मी झोपले आणि तेवढ्यात काही झालं तर?" ती म्हणाली.

वीस वर्षांची मुलगी दोन महिने एका माणसाच्या जिवासाठी एकटीने पहारा देत होती, आणि आम्ही सगळे म्हणत होतो, की या मुलांना मोबाइलचं व्यसन लागलंय.

आमच्या कामात एक गोष्ट पक्की असते. मूल जे सांगेल ते खोलीबाहेर जात नाही. फक्त जिवाचा प्रश्न असेल तर जातं. हे मी तिला सांगितलं आणि त्या मुलाचं नाव विचारलं. ती उठून उभी राहिली.

"मी शब्द दिलाय, मॅडम. मी तुम्हाला सांगायलाच नको होतं."

"तू शब्द पाळलास. तो मी मोडतेय. त्याला माझं नाव सांग."

"तो माझ्यावर रागावेल. पुन्हा बोलणारच नाही."

"रागावू दे," मी म्हणाले. "रागवायला तो असायला हवा ना."

ती खाली बसली. रडली नाही, फक्त दोन्ही हातांनी डोळे दाबून धरले. मग तिने नाव सांगितलं.

त्याच दुपारी मी त्या मुलाला बोलावून घेतलं. आधी तो हसला, म्हणाला, "मॅडम, गंमत होती ती." मी गप्प बसून राहिले. दहा-बारा मिनिटांनी हसू ओसरलं. "वैशालीने सांगितलं?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. त्याने तिथल्या तिथे मोबाइल काढून तिचा नंबर ब्लॉक केला आणि मला दाखवला. मी म्हटलं, "ठीक आहे. आता वडिलांचा नंबर दे." तो द्यायला तयार नव्हता. ऑफिसातून मिळवता आला असता, पण त्याने स्वतः द्यावा असं मला वाटत होतं. शेवटी त्याने दिला. वडील येईपर्यंत मी त्याला नजरेआड होऊ दिलं नाही.

वडील दोन-अडीच तासांत हायवेने आले. त्यांचे यंत्रमाग आहेत. जसे होते तसेच निघाले होते, शर्टावर कापसाचे तंतू चिकटलेले. मी सांगितलेलं सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या घराला लागून चोवीस तास माग खडखडतात. त्या आवाजात हा लहानपणी ढाराढूर झोपायचा. मला वाटायचं, इथं नाशिकला शांतता आहे, इथं पोरगा सुखात असेल."

मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. ते उठले, त्याच्या शेजारी गेले आणि त्याची पाठ चोळू लागले. त्याच संध्याकाळी आम्ही तिघं मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. औषधं सुरू झाली, नियमित भेटी ठरल्या. तो परीक्षा सोडून घरी गेला.

वैशालीने इकडे प्रात्यक्षिक कसंबसं दिलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्या खोलीत आली. फॉर्म वगैरे काही न मागता सरळ विचारलं, "तो बरा आहे?"

"वडिलांजवळ आहे. डॉक्टरांनी तपासलंय."

"रात्री त्याच्याजवळ कुणी जागं असतं?"

"आई असते, आणि वडीलही. पाळी लावलीय त्यांनी."

तिने मोठा श्वास सोडला. म्हणाली, "मॅडम, मी पाच मिनिटं डोकं टेकू का?" आणि टेबलावर डोकं टेकून झोपली. अशी झोपली, की शिपाई मंगलमावशींनी आणि मी मिळून तिला बाकावर आडवं केलं तरी तिला कळलं नाही. मंगलमावशींनी दाराबाहेर स्टूल टाकलं. दुपारी प्राचार्य पाहुण्यांना कक्ष दाखवायला आले, तर मावशींनी तोंडावर बोट ठेवलं. "सर, आत पोरगी झोपली हाय. उद्या दाखवा." प्राचार्य पाहुण्यांना घेऊन ग्रंथालयाकडे वळले. ती उठली तेव्हा साडेपाच वाजले होते आणि गालावर बाकाच्या पट्ट्या उमटल्या होत्या.

मेसेज करणाऱ्या बाकीच्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. मी तिला म्हटलं, रात्री मोबाइल मावशीच्या स्वयंपाकघरात ठेवत जा. ती जरा घुटमळली आणि मग म्हणाली, "मॅडम, रागवू नका. पण काल तुमचा लास्ट सीन पाऊण वाजताचा होता."

पाऊण वाजता मी क्रोशाचे व्हिडिओ बघत होते. मला क्रोशाची सुई नीट धरताही येत नाही. माझे यजमान बदलीच्या गावी होते, मुलगी बेंगळुरूला, आणि रात्री घर फार मोठं वाटायचं. इतकी वर्षं मुलांच्या टेन्शनखाली काय आहे ते शोधत होते, पण क्रोशाखाली काय आहे हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिला तेवढं सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती, तिच्या त्या मेसेजसारखी, घाई न करता. त्या रात्रीपासून माझाही मोबाइल मिक्सरशेजारी झोपू लागला.

आम्ही ठरवलं, की वैशालीला ज्यांना भेटायचंय त्यांनी बुधवारी दुपारी माझ्या खोलीत यायचं. तिने तसं सगळ्यांना कळवलं. पहिल्या आठवड्यात लोक चिडले. "भाव खायला लागलीस," असं एकीने लिहिलं. तिला ते फार लागलं. दिवसभर तो मेसेज ती पुन्हा पुन्हा काढून वाचत होती. पहिल्या बुधवारी खोलीत आम्ही दोघी आणि पाव किलो भाजलेल्या शेंगा. दुसऱ्या बुधवारी हॉस्टेलवरची ती न जेवणारी मुलगी आली आणि तिने निम्म्या शेंगा खाल्ल्या. दिवाळीनंतर बाक कमी पडायला लागले, तेव्हा मंगलमावशींनी कुठूनतरी जिमखान्याची सतरंजी आणली. एकमेकांचं ऐकताना मुलांच्या लक्षात येत होतं, की आपल्याला जे होतंय त्याला नाव आहे, आणि शेजारच्यालाही तेच होतंय. कुणी कोकणी शब्द आणायचं, कुणी उर्दू. माझ्या तीन शब्दांचे बघता बघता तीस झाले. मी बहुतेक वेळा शेंगा सोलत बसायचे. अवघड काही निघालं तरच ते वैशाली माझ्याकडे सोपवायची, आणि सोपवल्यावर ती घरी जाऊन झोपायची. हे शिकायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

एक खंत मात्र आहे. हे सगळं माझ्या नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत झालं. आधीची पंधरा वर्षं मी दार उघडं ठेवून आत बसून राहिले. नांदगावच्या त्या मुलासारखे किती जण घडी केलेला कागद घेऊन निघून गेले, ते मला माहीत नाही.

मालेगावचा मुलगा पुढच्या वर्षी राहिलेले विषय द्यायला परत आला. एका बुधवारी तो दारात उभा राहिला. अंगात नवा शर्ट, हातात वडिलांनी दिलेला मिठाईचा डबा. खोलीत तेव्हा सात-आठ मुलं होती. वैशालीने वर पाहिलं आणि सतरंजीवर थोडी सरकली. तो तिच्या शेजारी बसला. डबा मधे ठेवला. बराच वेळ दुसऱ्यांचं बोलणं ऐकत राहिला. मग सगळे उठायला लागले तेव्हा तिला म्हणाला, "एक विचारू? घरी असताना डोक्यात यायचं. मी तुला रोज पहाटेपर्यंत मेसेज करायचो. तेव्हा तू झोपायचीस कधी? मी एकदाही विचारलं नाही."

वैशाली हसली. तिच्या आवाजात सटाण्याकडचा हेल आपोआप आला.

"आते झोपस ना मी," ती म्हणाली. "तू बी झोपत जाय."